चाळीस दिवस गप्प

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सोलापुरातल्या माझ्या ओळखीच्या माणसांनी हे वाक्य वाचलं तर ती आधी हसतील. माझ्याकडे न सांगितलेलं काही शिल्लक आहे? शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली तरी ती बातमी चार गल्ल्यांत पोचवून आल्याशिवाय मी चहा घेत नाही, आणि चौथ्या गल्लीत पोचेपर्यंत पिल्लांची संख्या वाढलेली असते.

ही एक मात्र राहिली. राहिली म्हणजे — मी ठेवली.

माझा धंदा मांडवाचा. खुर्च्या, स्टेज, दिवे, माइक. आणि माइक लावून झाला की त्यावर बोलायलाही मीच. रिसेप्शनला नवरदेवाच्या मामाला हसवायचं, रुसून मागच्या रांगेत बसलेल्या आत्याला लाडीगोडी लावून स्टेजवर आणायचं, केक उशिरा आला तर तो येईपर्यंत लोकांना खुर्चीवरून उठू द्यायचं नाही — हे मला जमतं. मी स्वतः लग्न केलं नाही. दुसऱ्यांच्या लग्नांत बोलत राहिलो, आणि एक दिवस पाहिलं तर घरी बोलायला कुणी नव्हतं. हे वाक्य मी स्टेजवर म्हणतो. हमखास हशा येतो. घरी येऊन कुलूप काढताना तेच वाक्य आठवलं, तर तेवढं काही खास वाटत नाही.

तर उपवासकाळ. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, इंग्रजीत लेंट. दरवर्षी त्याचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, जवळ आला की आमच्या चर्चमध्ये मला उभं करतात — लेंट या शब्दाचा अर्थ सांगायला. लोकांना तो पाठ आहे, तरी माझ्याकडून ऐकायचा असतो. मी आधी विचारतो, लेंट या शब्दात उपवास कुठं आहे? मग सांगतो, कुठंच नाही. जुन्या इंग्रजीतला तो वसंत ऋतूचा शब्द. थंडी सरते, दिवस लांबायला लागतात, त्या लांबण्यावरून पडलेलं नाव. तिकडच्या गारठलेल्या माणसाला दिवस लांबला की आनंद होतो, आणि आपल्या सोलापुरात दिवस लांबला की माणूस स्टुलावर चढून पंखा पुसतो. इथं हशा. मग गोव्याकडची मंडळी. त्यांच्यात या काळाचं नाव चाळीस या आकड्यावरून आलंय, कारण प्रभू येशू चाळीस दिवस अरण्यात उपाशी राहिला. आणि मग मी आवाज खाली आणतो. आता आपला शब्द, म्हणतो. उपवास. उप म्हणजे जवळ. वास म्हणजे राहणं. या शब्दात पोटाचं नावसुद्धा नाही. जवळ राहणं — एवढंच. इथं मी थांबतो. किती थांबायचं ते मला बरोबर माहीत आहे. पहिल्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावतात.

एका वर्षी मात्र मी हे सांगितलं नाही. त्या वर्षी मी काहीच बोललो नाही. आमच्या चर्चमध्ये आजही त्या वर्षाचं नाव निघतं, आणि कौतुकानंच निघतं.

आमच्यात एक पद्धत आहे. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून झाली की ज्याला वाटेल त्यानं उभं राहून या काळात आपण काय सोडणार ते सांगायचं. कुणी चहा सोडतं, कुणी मटण, हल्लीची पोरं मोबाइल. त्या वर्षी मी उभा राहिलो आणि म्हणालो, मी बोलणं सोडतो. ईस्टरच्या पहाटेपर्यंत.

आमच्या चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. त्या संध्याकाळी वाजल्या. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी बातमी बाजारात. भाजीवाली मावशी म्हणाली, "मौनव्रत धरलंय म्हनं. लई अवघड असतं, बाबा," आणि कोथिंबिरीची जुडी फुकट टाकली. मी गळ्यात पाटी अडकवून फिरायचो, खिशात खडू. लोक लांबून हात जोडायचे. मला ते आवडत होतं का? आवडत होतं. खोटं कशाला बोलू, आता तरी.

आणि ते मौन मला किती स्वस्तात पडलं तेही सांगतो. उपवासकाळात आमच्यात लग्नं लागत नाहीत. म्हणजे जिथं माझ्या बोलण्याला भाव, तो बाजारच बंद. शिवाय चाळीस दिवस मोजताना मधले सहा रविवार धरत नाहीत. रविवार पुनरुत्थानाचा, आनंदाचा, म्हणून चहा सोडलेली माणसंही रविवारी कपभर घेतात. पाळकसाहेब स्वतः म्हणाले, रविवारी बोललात तरी हरकत नाही. मी मान हलवली. नको. लोकांना ते आणखीच थोर वाटलं.

का नको? सहा रविवार मला मोकळे मिळाले होते. मी एकही का घेतला नाही?

मी गोल गोल फिरतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल. येतो. दानिएलपासून सुरुवात करावी लागेल.

दानिएल माझ्या वर्गातला. मी बोलायचो आणि तो हसायचा, शाळेपासून आमची अशी वाटणी होती. लूमवर कामाला होता, टॉवेलच्या. आणि प्यायचा. साधं पिणं नव्हे. बायको शालिनी मुलीला घेऊन भावाकडे सांगलीला निघून गेली होती, इतकं. मग एके दिवशी त्यानं सोडली. पहिला आठवडा मी त्याच्याजवळ बसून काढला. त्याचे हात कापायचे, घाम सुटायचा, आणि मी शाळेतल्या मास्तरांच्या नकला करत बसायचो. हसता हसता रडायचा तो. दोन वर्षं गेली, शालिनी परत आली, आणि पाळकसाहेबांनी त्याला एक काम दिलं — प्रभुभोजनाचा द्राक्षरस करायचं, येशूच्या आठवणीसाठी उपासनेत सगळे एकेक छोटा कप घेतात तो.

आमच्याकडे दारू नसते त्यात. ताजी द्राक्षं उकळून काढलेला रस. दानिएल लूमवरच्या एका सोबत्याच्या शेतातून, करकंबहून, काळी द्राक्षं आणायचा. एकेक मणी पुसायचा. शनिवारी संध्याकाळी रस उकळायचा, मलमलच्या फडक्यातून गाळायचा आणि स्टीलच्या डब्यात भरून चर्चमागच्या खोलीत ठेवून यायचा. पहिल्यांदा ठेवला तेव्हा मला म्हणाला, "विल्या, दारुड्याच्या हातचा रस देवाच्या टेबलावर. हाय का न्हाय गंमत?" इतका सरळ उभा राहिलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

आणखी एक पद्धत सांगून ठेवतो. उरलेला रस मोरीत ओतत नाहीत. ज्यानं केला त्यानंच तो उपासनेनंतर मागच्या खोलीत उभ्यानं पिऊन संपवायचा.

त्या वर्षी राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी प्रभुभोजन होतं. आदल्या दिवशी मी एका गोव्याच्या कुटुंबाच्या लग्नात बोलून आलो होतो. त्यांनी खूश होऊन दिलेली वाइनची बाटली माझ्या वायरींच्या पिशवीत तशीच होती. सकाळी लवकर मी माइक लावायला मागच्या खोलीत गेलो. खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर दानिएलचा डबा, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. आणि डोक्यात घोरपडे.

घोरपडे आमच्या चर्चचे पंच. आठवड्यापूर्वीच त्यांनी मला चारचौघांत सुनावलं होतं, "विलासराव, हा माइक देवाच्या वचनासाठी आहे, तुमच्या तमाशासाठी नाही." आता डोळ्यांसमोर घोरपड्यांचं तोंड आलं — पवित्र चेहऱ्यानं कप ओठाला लावलाय, आणि मग भुवया. मला त्या भुवया दिसल्याच. काय गोष्ट होईल, वाटलं. वर्षानुवर्षं सांगता येईल.

मी फडकं सोडलं आणि ती बाटली त्या डब्यात ओतली. फडकं होतं तसं बांधलं.

त्या क्षणी दानिएल माझ्या मनात आलाच नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. आला होता. कप तोही घेणार, उरलेलं तोच पिणार, हे मला ठाऊक होतं. ज्याचे कापणारे हात मी धरून बसलो होतो, तोच. तरी मी मनात म्हणालो, एवढ्याशा कपानं काय होतंय. आणि पुढं असंही म्हणालो — सगळ्यात जास्त दानीच हसेल.

ट्रे फिरले. कप सगळ्यांच्या हातात आले. घोरपड्यांच्या भुवया मला वाटल्या होत्या त्याहून भारी वर गेल्या. मी आतल्या आत हसलो, हेही लिहून टाकतो. कुणी खोकलं, कुणी शेजाऱ्याकडे पाहिलं. मग माझी नजर दानिएलकडे गेली. त्यानं कप तोंडाजवळ नेला होता आणि तिथंच थांबला होता. वास त्याला आमच्या सगळ्यांच्या आधी आला असणार. प्रभूचा कप भरलेला परत ठेवता येत नाही. त्यानं डोळे मिटले आणि घेतला.

नंतर मागच्या खोलीत सगळे पंच जमले. मी कोपऱ्यात माइकची वायर गुंडाळत होतो.

"दानिएल, हे काय आहे?" घोरपड्यांनी डब्याकडे बोट केलं.

"रस हाय, साहेब. काल सांजच्याला उकळलाय."

"एका रात्रीत एवढा चढला?"

कुणीतरी फिसकन हसलं. दारात शालिनी येऊन उभी राहिली होती. दानिएलनं तिच्याकडे पाहिलं. "मी न्हाय वतली," तो म्हणाला. "आईशप्पथ न्हाय. पायजे तर माझ्या तोंडाचा वास —" आणि मध्येच थांबला. त्याच्या लक्षात आलं की त्याच्या तोंडाला वास येतोय. त्यानं हात तोंडावर धरला. तो तसाच ठेवून शालिनीच्या बाजूनं बाहेर गेला.

वायर माझी गुंडाळून झाली होती. मी ती सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

त्याच क्षणी एक वाक्य पुरलं असतं. घोरपडे ओरडले असते, माझा माइक गेला असता, महिनाभर लोक माझ्याशी बोलले नसते. म्हणजे काय — घरी जे आता रोज आहे तेच. पण मी बोललो नाही. बुधवारी सांगू, म्हटलं. राख लावल्यावर सगळे उभे राहून सांगतात, तेव्हा सांगू. ठरवून गेलो होतो, हे खरं आहे. उभाही त्यासाठीच राहिलो होतो. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. हा आता काय गंमत करतो, अशा आशेनं वळलेले, माझ्या ओळखीचे, लाडके चेहरे. आणि मी म्हणालो, मी बोलणं सोडतो.

आता कळलं ना, रविवार का नको होते?

पुढचं सांगायला अवघड आहे. त्याआधीचं मी कधीकधी मनातल्या मनात गोष्टीसारखं सांगून पाहिलंय. पुढचं कधीच नाही.

दानिएल रोज संध्याकाळी माझ्याकडे यायला लागला. लूम सुटली की गोडाऊनवर यायचा, एक घडीची खुर्ची ओढायचा आणि बसायचा. चर्चमधले त्याच्याशी नीट बोलत नव्हते. जे बोलत होते ते विचारत होते, खरं काय ते सांग, देव क्षमा करतो. मी काही विचारू शकत नव्हतो. "तू बोलत न्हाईस ते लई बरं हाय, विल्या," तो म्हणायचा. "समदी बोलायाच लागल्यात." मी पाटीवर लिहायचो, चहा? तो मान हलवायचा. मी चहा आणायचो. अंधार पडेपर्यंत तो बसायचा, आणि उन्हं रोज थोडी जास्त वेळ रेंगाळायची. लेंट म्हणजे दिवस लांबणं, हे मी इतकी वर्षं माइकवर सांगत होतो. ते काय असतं ते त्या वर्षी कळलं.

एका संध्याकाळी म्हणाला, शालिनी माहेरी गेली. म्हणाला, ती भांडली नाही. नुसती रोज जवळ येऊन वास घ्यायची, आणि एक दिवस तिलाच त्याचा कंटाळा आला.

आणि मग एका संध्याकाळी, चहाचा कप दोन्ही हातांत धरून, खाली बघत म्हणाला, "विल्या, मला आता वाटाया लागलंय, मीच वतली असंल."

मी खिशातला खडू काढला.

"आदी बी असंच व्हायचं की. करायचो आन सकाळी काय बी आठवायचं न्हाई. शालू सांगायची तवा कळायचं. तसंच झालं असंल. दुसरं कोन वतंल? कोन कशाला वतंल?"

बोलायची मला बंदी होती. माझीच बंदी, पण होती असं धरू. मात्र पाटी मांडीवर होती आणि खडू हातात होता. एक शब्द लिहायचा होता. दोन अक्षरांचासुद्धा नाही, एका अक्षराचा. मी.

मी पाटीवर लिहिलं, चहा?

कप त्याच्या हातात अर्धा भरलेला होता. त्यानं पाटी वाचली आणि हसला. माझ्या विनोदांना हसायचा तसाच, खांदे हलवून. त्याला वाटलं, मी त्याचं मन हलकं करायला गंमत केली.

उपवास म्हणजे जवळ राहणं. त्या वर्षी सोलापुरात तो एकच माणूस खऱ्या अर्थानं उपवास करत होता. रोज माझ्याजवळ येऊन बसत होता. आणि मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून जितका लांब जाता येईल तितका गेलो होतो.

ईस्टरची पहाटेची उपासना आम्ही मैदानात करतो. त्या वर्षी गर्दी जास्त होती, कारण मी बोलणार होतो. पाळकसाहेबांनी माइक माझ्या हातात दिला. पूर्वेला तांबडं फुटत होतं. लोक इतके शांत उभे होते की दूरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकू आला. दानिएल मागं, फाटकापाशी. उभा होता, पण फाटकाचा गज धरून. तेव्हाच मला कळलं की त्यानं पुन्हा सुरू केली आहे.

मी माइक तोंडाजवळ नेला आणि थांबलो. किती थांबायचं ते मला माहीत आहे, म्हटलं ना. मग म्हणालो, "चाळीस दिवस बोललो नाही, आणि माझं वजन वाढलं. कारण तोंड खायला मोकळं होतं."

सगळं मैदान हसलं. घोरपडेसुद्धा हसले. फाटकापाशी दानिएल खांदे हलवून हसला. मग त्यानं मला हात केला, असा वर, वर्गातून बाहेर जाताना करायचा तसा, आणि गेला.

पुढं त्याची लूमवरची नोकरी सुटली. मोडनिंबला बहिणीकडे राहायला गेला. मी एकदा गेलो होतो भेटायला. दिवसभर बसलो, शाळेतल्या मास्तरांच्या नकला केल्या. तो हसला. पिवळा पडला होता. निघताना बहीण म्हणाली, "येत जावा की, दादा. तुमी आलात की लई बरं वाटतं त्याला." मी पुन्हा गेलो नाही.

चर्चमध्ये आता बाटलीतला रस आणतात, दुकानातून. फार गोड असतो. मला माझं भाषण अजून करायला लावतात, आणि मी करतो — लेंट, वसंत, पंखा, चाळीस, आणि शेवटी आवाज खाली आणून, जवळ राहणं. बायका पदर डोळ्यांना लावतात. नंतर मी माइक काढतो, वायर गुंडाळतो, खुर्च्या टेम्पोत चढवतो आणि घरी येतो. घरात पाटी अजून आहे. स्वयंपाकघरात तिच्यावर मी पापड वाळत घालतो.

दानिएलला सोलापुरात आणून माती दिली. दफनभूमीत माइक माझाच होता. मी मंडप घातला, आवाज तपासला. शालिनी मुलीला घेऊन आली होती, जरा लांब उभी होती. पाळकसाहेबांनी मनापासून प्रार्थना केली. दानिएल कष्टाळू होता, प्रेमळ होता, म्हणाले. आणि मग, माणूस चांगला म्हणूनच, मन मोठं करून म्हणाले, "प्रभू, तुझ्या टेबलापाशी त्याच्या हातून एकदा जे घडलं, त्याची त्याला क्षमा कर."

सगळे आमेन म्हणाले. मी माइकजवळ होतो. माझं आमेन सगळ्यात मोठं ऐकू आलं.

वाइन मी ओतली होती.